मॅच: उच्चार एक, शब्द दोन

इंग्रजी कोशात ‘मॅच’ काढा. बऱ्याच मोठ्या कोशांत त्याच्या दोन वेगळ्या नोंदी असतात, शेजारी बारीक १ आणि २. एकाच नोंदीखाली क्रमाने दिलेले अर्थ एका मुळाचे असतात. नोंदच वेगळी असेल तर मूळही सहसा वेगळे. म्हणून अर्थाआधी व्युत्पत्ती वाचा.

पहिला मॅच जुन्या इंग्रजीतला: जोडीदार, बरोबरीचा. त्यातूनच तोडीस तोड प्रतिस्पर्धी, क्रिकेटचा सामना, रंगांचा मेळ आणि लग्नाचे स्थळ.

दुसरा जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ दिव्याची वात. मग बंदुकीला बत्ती देणारी जळती दोरी, पुढे गंधक लावलेली काडी. जॉन वॉकर या इंग्लिश औषधविक्रेत्याने घासून पेटणारी काडी १८२७ मध्ये विकायला काढली आणि आजचा अर्थ पक्का झाला. आपली ‘माचिस’ याच मॅचच्या अनेकवचनातून आली.

शंका आली तर शब्दाच्या जागी ‘जोडी’ आणि ‘वात’ घालून पाहा. लोक चुकतात ते ‘मॅचलॉक’पाशी. लॉक पाहून जुळणारे कुलूप वाटते, पण ती तोड्याची बंदूक. मराठीतला तोडा म्हणजे तीच जळती दोरी, किती नेमका शब्द!