मायीचं ऑक्सिजन मशीन आणि आमचं दगड-मातीचं घर

चुलीच्या धुरानं फुफ्फुसं गेलेली माय दवाखान्यातून घरी येणार म्हटल्यावर आम्ही आधी ऑक्सिजनचं मशीन आणायला पळालो. आधी घर बघायला पाहिजे होतं. तुमच्याकडं असं माणूस येणार असेल तर त्याच्या जागेवर स्वतः झोपा, रात्री लाईट बंद करा आणि तिथून न्हाणीपर्यंत जाऊन या. मला त्या पंधरा पावलांत दोन उंबरे आडवे आले आणि आधाराला धरायला काहीच सापडलं नाही.

बाज पहिली बाजूला काढा. तिच्यात माणूस खोल जातं, उठताना दम लागतो. पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत. मायीचा पलंग उंच होता, त्याचे पाय आम्ही दोन इंच कापले.

आता आधाराची दांडी. आमचं घर औसा तालुक्यातलं, १९९३ च्या भूकंपातून वाचलेलं. भिंती दोन फूट जाड, पण आत दगड आणि माती, वरून नुसता सिमेंटचा गिलावा. मिस्त्रीनं भिंतीला भोकं पाडून दांडी बसवली. चौथ्या दिवशी मायीनं भार दिला अन् दांडी मातीच्या ढेकळासकट हातात आली. मागं बायको होती म्हणून माय पडली नाही. अशा भिंतीवर दांडीचा भरवसा धरूच नका. दीड इंची लोखंडी पाईप उलट्या यू आकारात वाकवून घ्या, दोन्ही पाय दीड फूट खड्ड्यात काँक्रीटनं गाडा आणि आठ दिवस पाणी मारा. उंची पेशंटची घ्या: सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगट जिथं येतं, तिथं दांडी. मग घरातल्या सगळ्यात जड माणसानं तिला लोंबकळून बघावं.

उंबरा फोडायला माय तयार नव्हती, दर सणाला ती त्याची पूजा करते. म्हणून दोन्ही बाजूंनी उतार केला. सहा इंच उंचीला सहा फूट लांबी धरा, त्याहून खडा नको.

मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, त्याला हवा लागते. चूल, समई, उदबत्ती, विडी यांच्याजवळ ऑक्सिजनची नळी अजिबात नको. संध्याकाळचा दिवा आता सून लावते, माय दहा फुटांवरून हात जोडते. ऑक्सिजनला ओल देणारी बाटली मशीनला असते, तिच्यात बोअरचं पाणी घालू नका, पांढरा थर धरतो. मेडिकलमधून डिस्टिल्ड पाणी आणा, रोज बदला. मशीनची हवेची जाळी आठवड्याला धुवायला सांगतात, आमच्या फुफाट्यात दोनदा धुवावी लागते.

लाईटीचा हिशोब आधीच करा. मिनिटाला पाच लिटर देणारं मशीन साधारण ३५० वॅट खातं. लाईट गेली की इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या नव्या बॅटरीवर ते जेमतेम तीन तास चालतं, पंखा लावला तर त्याहून कमी. उन्हाळ्यात एवढ्यानं भागत नाही, म्हणून दहा लिटरचा भरलेला सिलिंडर घरात असू द्या. दहा लिटर हे टाकीचं माप, आत ऑक्सिजन दाबून भरलेला असतो. मिनिटाला दोन लिटरनं तो बारा तासांच्या आसपास पुरतो. त्याच्या तोटीला तेल-ग्रीस लावू नका.

चुलीच्या धुरानं फुफ्फुसं गेलेल्या माणसाला जास्त ऑक्सिजनही बाधतो. पाहुणे येतात, तिला धाप लागलेली बघून काळजीनं बटण फिरवतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मिनिटाला दोन लिटरच्या रेषेवर मी लाल नेलपेंटची खूण केलीय आणि येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगतो, याला हात लावायचा नाही.