जानेवारीत केळीखाली: लहान मुलांना काचघरात नेताना

शिकागोत जानेवारीत असे आठवडे येतात की बाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी नाक बधिर होतं. बागेतल्या घसरगुंड्या बर्फाखाली, घरात साडेचार वर्षांचा लेक सोफ्यावरून उड्या मारतोय आणि दीड वर्षाची लेक त्याच्या मागे. अशा शनिवारी आम्ही गारफील्ड पार्क कन्झर्व्हेटरी, म्हणजे झाडांचं मोठं काचघर, गाठतो. चार हिवाळे जातोय. त्यातून जे कळलं ते लिहिते.

आधी कपड्यांचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मुलाला थर्मल, स्वेटर, टोपी सगळं घालून नेलं. आतली हवा पावसाळ्यातल्या कोकणासारखी, उबदार आणि दमट. दहा मिनिटांत तो घामाघूम झाला, रडायला लागला, आणि निघताना ओलं बनियन अंगाला गार लागलं म्हणून पुन्हा रडला. आता जाड जॅकेटच्या आत सुती अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि प्रत्येकासाठी एक कोरडं बनियन पिशवीत. जॅकेटं बाबागाडीवर टाकायची, लेकीला कडेवर घ्यायचं. आत शिरताच चष्म्यावर आणि फोनच्या कॅमेऱ्यावर वाफ धरते. पुसत बसू नका, काच गरम झाली की आपोआप जाते.

ग्रीन लाइन या लोकल गाडीचं स्टेशन अगदी दाराशी आहे. शहरात राहणाऱ्यांना प्रवेश मोफत. तरी वेळा आणि आरक्षण घरूनच बघून निघा. सकाळी उघडताना पोचलात तर दुपारच्या झोपेआधी घरी येता येतं.

सगळं बघायचा हट्ट नको. दोन दालनं पुरेत, आणि त्यातलं पहिलं ‘शुगर फ्रॉम द सन’ असू दे. मुलं रोज जे खातात त्याची झाडं इथे आहेत: ऊस, केळी, कोको, व्हॅनिला. मोठ्यांना पाम हाऊसमधले उंच माड बघून घर आठवतं, पण चार वर्षांच्या पोराला तिथे फक्त खोड दिसतं. त्याला ओळखीच्या चवीपासून सुरुवात करून द्यावी. कोकोच्या शेंगा फांदीच्या टोकाला लागत नाहीत, फणसासारख्या थेट खोडालाच लागतात. चॉकलेट तिथून येतं हे कळल्यावर आमचा लेक बराच वेळ त्या खोडापाशी उकिडवा बसला होता. व्हॅनिला ही ऑर्किडची वेल, तिचीही शेंगच आपण वापरतो. निघण्याआधी घरी व्हॅनिलाचा वास देऊन ठेवा, मग वेल दाखवा.

गेल्या हिवाळ्यात माझी आई चिपळूणहून आली होती. केळीपाशी ती थबकलीच. “अगो, केळफूल बघ!” मग नातवाला जवळ घेऊन म्हणाली, “ही जांभळी पाकळी वर उचलली गेलीय ना बाळा, तिच्याखाली फुलांची रांग बघ. त्या रांगेची पुढे एक फणी होते.” त्याने बोटाने हवेतच फुलं मोजली. आणि केळीचं खोड हे खरं खोडच नाही, एकात एक गुंडाळलेल्या पानांचे देठ आहेत, हेही आजीनेच सांगितलं. आजी-आजोबा इथे आले असतील तर त्यांना नक्की न्या. आमच्याकडे असा वाटाड्या दुसरा नाही.

दुसरं दालन फर्न रूम. बागांचे रचनाकार येन्स येन्सन यांनी ही सगळी काचघराची वास्तू आखली, ती 1908 साली उघडली. बाहेरून तिचा आकार गवताच्या गंजीसारखा, आमच्याकडे जिला उडवी म्हणतात तसा. आतला धबधबा झुळझुळ वाहावा म्हणून त्यांनी गवंड्याला मेंडेल्सन या संगीतकाराचं संगीत ऐकायला लावलं, असं सांगतात. मुलांना डोळे मिटून तो आवाज ऐकायला सांगा. आमची धाकटीही गप्प होते. मग फर्नच्या पानांची पाठ दाखवा. तिथले तपकिरी ठिपके म्हणजे किडे नव्हेत, बीजाणूंच्या पुरचुंड्या. 30 जून 2011 ला गारपिटीने या छताच्या काचा फुटल्या होत्या, ही गोष्ट आमच्या लेकाला दर वेळी नव्याने ऐकायची असते. पाण्याच्या कडेला मात्र हात सोडू नका.

एरॉइड हाऊसमध्ये आमचा नियम कडक आहे: पान तोंडात घालायचं नाही. ही सगळी अळूची भावंडं. कच्च्या अळूने घशाला खाज सुटते तसंच इथेही होतं, आणि काहींचा चीक तर तोंड सुजवतो. निवडुंगांचं दालन मूल अडीच-तीन वर्षांचं होईपर्यंत मी टाळते; बारीक कुसळं बोटातून काढताना मुलं फार रडतात.

मुलांची बाग शेवटी ठेवा. तिथे घसरगुंडी आहे, एकदा पोचलात की बाकी काही बघून होणार नाही. निघताना दाराच्या आतच बनियन बदला, केस पुसा, मगच जॅकेट.

आजीला नेलं त्या दिवशी परतताना आम्ही डेव्हन अॅव्हेन्यूवर, भारतीय दुकानांच्या रस्त्यावर, थांबून केळफूल घेतलं. घरी आजीने जुनं वर्तमानपत्र पसरलं, लेकाने एकेक पाकळी उचलून खालची फुलं मोजायला सुरुवात केली. मुलांना हे करू द्यायचं असेल तर आधी त्यांच्या हाताला तेल चोळा, नाहीतर चिकाने बोटं काळी होतात.