पॉडकास्ट ऐकून गुंतवणूक शिकताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडवरून ऐरोली किंवा महापेला रोज ये-जा करणाऱ्यांचे दिवसाचे दोन-अडीच तास प्रवासातच जातात. त्या वेळात कोणी म्युच्युअल फंड, टर्म इन्शुरन्स, निवृत्तीचं नियोजन अशा विषयांवरचे पॉडकास्ट ऐकत असेल, तर ती चांगली सवय आहे. आपल्याला शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं घोकायला लावली, पण सॅलरी स्लिप कशी वाचायची, पीएफमध्ये किती जातात, नॉमिनी कशासाठी असतो, हे कोणी सांगितलं नाही. ती उणीव आज पॉडकास्ट भरून काढताहेत, तेही फुकटात आणि आता मराठीतही.

अडचण एकच आहे. नुसतं ऐकलं तरी समजल्यासारखं वाटतं, आणि त्या भरात लोक खरे पैसे इकडचे तिकडे करतात. माझं मत स्पष्ट आहे: पॉडकास्टमधून विचार करायची पद्धत शिकावी, आकडे आणि नावं उचलू नयेत. बाजार पडल्यावर धीर का धरायचा, उधळपट्टी कुठे होते, कर्जाकडे कसं बघायचं, हे कानांनी शिकता येतं. कोणता फंड, किती टक्के, कुठला कर, हे मात्र स्वतःचे कागद समोर घेऊनच ठरवावं लागतं.

अमेरिकेतला सल्ला इथल्या कर्जाला लावणं

इंग्रजीतले बरेच गाजलेले पॉडकास्ट अमेरिकेतले आहेत. फोर-ओ-वन-के, रॉथ आयआरए असे तिथल्या निवृत्ती-बचत खात्यांचे शब्द आले की ते आपल्यासाठी नाही, हे लगेच कळतं. फसगत होते ती सगळीकडे चालेल असं वाटणाऱ्या सल्ल्यात.

गृहकर्जाचंच घ्या. "कर्ज लवकर फेडू नका, तोच पैसा बाजारात लावा" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. अमेरिकेत घराचं कर्ज बहुतेक वेळा तीस वर्षांसाठी एकाच ठरावीक दराने मिळतं. ज्याला २०२०-२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळालं, त्याने ते फेडायची घाई का करावी? आपल्याकडे बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जं बाहेरच्या दराला, म्हणजे बहुतांशी रेपो दराला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला), जोडलेली असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्या काळात अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत वाढत गेली आणि ती वाढल्याचं त्यांना कळलंही नाही.

आकडा मांडून पाहा. ६० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के दर, २० वर्षं. हप्ता साधारण ५२ हजार, आणि एकूण व्याज जवळपास ६५ लाख, म्हणजे मुद्दलापेक्षाही जास्त. बदलत्या दराचं गृहकर्ज वैयक्तिक कर्जदाराने मुदतीआधी फेडलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंड लागत नाही. तेव्हा बोनस कर्जात घालायचा की एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात हप्त्याहप्त्याने, याचं उत्तर तुमचा दर, उरलेली वर्षं आणि नोकरीची खात्री यांवर ठरतं. बँकेच्या ॲपमधून कर्जाचं स्टेटमेंट काढा, उरलेली मुदत बघा आणि मग तो भाग पुन्हा ऐका.

निवृत्तीनंतर पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढले आणि पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत नेली तर पैसे पुरतात, या नियमाचंही तेच. विल्यम बेंगेन यांनी तो १९९४ मध्ये मांडला, तो अमेरिकी बाजाराच्या इतिहासावरून आणि साधारण ३० वर्षांची निवृत्ती धरून. वाशीत राहून पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची स्वप्नं बघणाऱ्याला पुढची ४०-४५ वर्षं काढायची असतात, तीही आपल्या महागाईत. तो आकडा जसाच्या तसा उचलणं धोक्याचं आहे.

आणि ज्या गोष्टी आपल्या घरात असतात, त्यांचा या पॉडकास्टमध्ये उल्लेखही नसतो. भिशी, गावाकडची सामाईक जमीन, नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेल्यावर हातात येणारी एकरकमी रक्कम (कॉर्पस), कंपनीतल्या कर्मचाऱ्यांची पतपेढी. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली. पतपेढीतल्या ठेवीला मात्र हे संरक्षण नाही. आईवडिलांची आयुष्यभराची पुंजी एकाच पतपेढीत असेल, तर पुढचा एपिसोड नंतर ऐका, आधी तिकडे बघा.

ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी पॉलिसी मोडली

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण इथे सल्ला बरोबर असतो आणि तरी नुकसान होतं.

"विमा आणि गुंतवणूक यांची गल्लत करू नका" हे जवळपास प्रत्येक पॉडकास्ट सांगतो, आणि ते खरंच आहे. पण कोपरखैरण्यातल्या माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने काय केलं बघा. नवरा चव्वेचाळीस वर्षांचा, घरात दोन मुलं. आधी दोन एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेल्या, सरेंडर केल्या (मुदतीआधी मोडल्या) आणि मग टर्म प्लॅनचा, म्हणजे निव्वळ विम्याचा, अर्ज भरला. वैद्यकीय तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांतली सरासरी शुगर, वाढलेलं निघालं. विमा कंपनीने अर्ज पुढे ढकलला. शुगर आटोक्यात आणून पुन्हा या, म्हणाले. जुनं संरक्षण गेलेलं, नवं मिळालेलं नाही. वहिनी म्हणाल्या, "अहो, ते तर म्हणाले होते की लगेच बंद करा." म्हणाले असतील, पण बोलणाऱ्याला यांची शुगर माहीत नव्हती. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

क्रम उलटा हवा. आधी टर्म प्लॅनचा अर्ज, त्यात आजार, तंबाखू, दारू काहीही न लपवता. तपासणी होऊन पॉलिसी हातात आली की मग जुन्या विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागायचे: आज सरेंडर केली तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअंती किती मिळतील. पॉलिसीची दोन-तीन वर्षंच उरली असतील, तर ती पूर्ण करणंही अनेकदा फायद्याचं ठरतं.

वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर फंडातून डायरेक्टमध्ये जाण्याचंही असंच आहे. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांत वितरकाचं कमिशन नसल्याने खर्च कमी असतो. फरक छोटा नाही: दहा हजारांची एसआयपी २० वर्षं चालली, तर १२ टक्के परताव्याने जवळपास एक कोटी होतात, ११ टक्क्यांनी साधारण ८७ लाख. पण जुनी युनिट्स डायरेक्टमध्ये हलवणं म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती विकणंच. एक्झिट लोड (लवकर विकल्यास फंड कापतो ते शुल्क) लागू शकतो आणि नफ्यावर कर लागतो. इक्विटी फंडात वर्षभरापेक्षा जुन्या युनिट्सवरचा नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त, त्यापुढे १२.५ टक्के. म्हणून आधी नवे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करावेत आणि जुनी युनिट्स दरवर्षी थोडी थोडी, सव्वा लाखाच्या मर्यादेत बसतील अशी हलवावीत. तुमच्याकडे नेमकं काय आहे, हे ईमेलवर येणाऱ्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये दिसतं. योजनेच्या नावातच 'रेग्युलर' किंवा 'डायरेक्ट' लिहिलेलं असतं. ज्यांच्याकडून फंड घेतले ते तुम्हाला खरोखर मार्गदर्शन करत असतील, पडत्या बाजारात विकण्यापासून थांबवत असतील, तर त्यांचं कमिशन वाया गेलं असंही नाही. हे पॉडकास्टवाले क्वचितच सांगतात.

तारीख न बघता ऐकणं

ॲप जुने एपिसोड नव्यासारखेच समोर आणतं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने शेअर आणि इक्विटी फंडांवरचा कर बदलला: दीर्घ मुदतीचा १० वरून १२.५ टक्के, अल्प मुदतीचा १५ वरून २० टक्के. त्याआधीचा कुठलाही हिशेब आता चुकीचा आहे. डेट फंडांच्या (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडांच्या) कराचे नियम १ एप्रिल २०२३ पासून बदलले. सोन्याच्या भावाशी जोडलेल्या सरकारी सॉव्हरिन गोल्ड बाँडची शेवटची विक्री फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली, तरी "सोनं घ्यायचं तर हेच" असं सांगणारे एपिसोड अजून फिरताहेत. मार्चमध्ये घाईघाईने कर वाचवायला निघालेल्यांनी आधी आपण जुन्या की नव्या करप्रणालीत आहोत ते बघावं. नव्या प्रणालीत, जुन्या कायद्यात ८०सी म्हणून ओळखली जाणारी गुंतवणुकीची वजावट मिळतच नाही. शिवाय नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने जुन्या एपिसोडमधले कलमांचे क्रमांकही आता जुळणार नाहीत.

कोण बोलतंय, आणि त्याचं पोट कशावर चालतं?

हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही. सल्ला देण्यासाठी पैसे घेणाऱ्याला सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने. सेबीच्या वेबसाइटवर नाव टाकलं की दोन मिनिटांत खात्री होते. नोंदणी नसलेला माणूसही पैशाबद्दल शिकवू शकतो, पण त्याला मर्यादा आहे. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सेबीने ठरवलं, की शिक्षण देतो म्हणणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरबद्दल बोलायचं नाही. "हा शेअर आज या भावाला घ्या" असं नोंदणी नसलेला कोणी म्हणाला, तर बंद करा.

पाहुण्यांबाबतही सावध राहा. ज्याचा शेअर दहापट झाला त्यालाच मुलाखतीला बोलावतात. ज्याचे पैसे बुडाले तो माइकसमोर येत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्समधून (शेअरच्या पुढच्या भावांवरच्या सौद्यांतून) महिन्याचा पगार काढणाऱ्यांच्या गोष्टी ऐकताना सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला आकडा डोळ्यांसमोर ठेवा: तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता.

एपिसोडच्या शेवटी टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक आली, तर त्या ग्रुपमध्ये जाऊ नका. नावाजलेल्या लोकांचे आवाज आणि चेहरे वापरून बनवलेल्या खोट्या क्लिप सर्रास फिरतात, आणि ग्रुपमध्ये दिलेल्या ॲपवर दिसणारा नफा हा निव्वळ पडद्यावरचा आकडा असतो.

घाईत, गर्दीत आणि एकट्याने ऐकणं

ठाणे-वाशी लोकलमध्ये दीडपट वेगाने ऐकलेल्यातले आकडे तुर्भ्याला उतरेपर्यंत निसटतात. प्रवासात ऐकायचं तर गप्पांचे, अनुभवांचे एपिसोड ऐका. कर, विमा, कर्ज यांवरचे एपिसोड घरी, वही घेऊन. एका विषयावर एका आठवड्यात दोनच पॉडकास्ट पुरे. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर गोंधळून जाऊ नका. एकाने पगारदार समोर धरला असेल, दुसऱ्याने धंदेवाला. तुम्ही कोण ते बघा.

एकट्याने ऐकण्याचं नुकसान मात्र लवकर लक्षात येत नाही. इअरफोन एकाच्या कानात, निर्णय दोघांच्या पैशाचा. नवऱ्याने बारा फंडांत एसआयपी लावलीय आणि बायकोला एकाचंही नाव माहीत नाही, अशी घरं मी बघते आहे, उलटही असतं. रविवारी जेवण झाल्यावर एखादा एपिसोड स्पीकरवर लावा. मध्ये थांबवा, भांडा, पण दोघांनी ऐका. त्याच बैठकीत प्रत्येक खात्याचा नॉमिनी तपासा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून वडिलांचंच नाव असतं.

चूक झालीच असेल तर

नवी विमा पॉलिसी घेऊन पस्तावलात, तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते; किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. चुकीच्या फंडात एसआयपी लावली असेल तर पुढचे हप्ते ॲपमधून थांबवा, पण आधीची युनिट्स त्याच रात्री विकू नका. एक्झिट लोड किती आणि कधीपर्यंत, हे बघून मग ठरवा. ईएलएसएस (कर वाचवायला घेतलेला इक्विटी फंड) असेल तर प्रत्येक हप्ता तीन वर्षं अडकलेला असतो.

नोंदणीकृत सल्लागार किंवा ब्रोकरबद्दल तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी करा, दाद मिळाली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. खोट्या ॲपवर पैसे पाठवले असतील तर लाजेपोटी दोन दिवस घालवू नका. त्याच क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात पोचण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, ग्रुपमधल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील जपून ठेवा. ग्रुप सोडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. त्यांनी तुम्हाला काढून टाकलं तर ते पुन्हा मिळत नाहीत.