फोटो बदलताना मधेच पांढरं का चमकतं?

वेबपानावर एकात एक विरघळत बदलणाऱ्या फोटोंसाठी मी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेत नाही. सीएसएस (दिसणं) आणि जावास्क्रिप्ट (वागणं) मिळून वीसेक ओळींत काम होतं. बाहेरच्या डिव्हला (फोटोंच्या चौकटीला) पोझिशन रिलेटिव्ह, आतल्या सगळ्या फोटोंना अॅब्सोल्यूट, म्हणजे ते एकावर एक बसतात. अॅब्सोल्यूट फोटोंमुळे डिव्हची उंची शून्य होते, म्हणून त्याला अॅस्पेक्ट-रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) द्या. फोटोंना ओपॅसिटी (अपारदर्शकता) ०, 'चालू' क्लासला (फोटोला लावायच्या खुणेला) १, आणि ओपॅसिटीवर १ सेकंदाचं ट्रान्झिशन (हळूहळू होणारा बदल). (हो, क्लासचं नाव देवनागरीत चालतं.) सेटइंटरव्हलने (ठरावीक वेळाने तेच काम परत करणाऱ्या फंक्शनने) दर ५००० मिलिसेकंदांनी फोटोचा शून्यापासून मोजलेला क्रमांक एकने वाढवा, एकूण फोटोंनी भागून बाकी घ्या, त्या क्रमांकाच्या फोटोला 'चालू' लावा आणि आधीच्याचा काढा; शेवटच्यानंतर आपोआप पहिला येतो.

इथवर सगळे पोचतात. मग प्रत्येक बदलाला दुधाळ झाक मारते. मी एक अख्खी दुपार ईझिंग (बदलाच्या वेगाचा चढउतार) बदलण्यात घालवली. दोष तिथे नव्हताच. जुना मावळतोय, नवा उगवतोय, मध्यावर दोघंही ५० टक्के. वरचा अर्धं झाकतो, उरलेल्या अर्ध्यातलं अर्धं खालचा. २५ टक्के पानाचा पांढरा रंग आरपार दिसतो!

उपाय: जुन्याला मावळू देऊ नका. त्याचा 'चालू' काढून 'मागचा' लावा: ओपॅसिटी १, झेड-इंडेक्स (कोण वर, कोण खाली) १. नव्याला 'चालू', झेड-इंडेक्स २. नवा जुन्याच्या अंगावर उगवतो, फटच राहत नाही. उगवून झाला की ट्रान्झिशनएंड इव्हेंटवर (बदल संपल्याच्या सूचनेवर) 'मागचा' काढा; जुना झाकलेल्या अवस्थेत गुपचूप मावळतो. 'मागचा' काढणं पुढच्या फेरीवर ढकललंत तर दोनच फोटो असताना नवा आधीच १ वर असतो आणि धाडकन बदलतो. पारदर्शक पीएनजीला मात्र ही युक्ती चालत नाही, खालचा दिसत राहतो.

थांबवायचं बटण द्याच. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवता आली पाहिजे, असं डब्ल्यूसीएजी (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेले निकष) सांगतं. प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन ('हालचाल कमी हवी' ही सेटिंग) लावलेल्यांकडे आपोआप सुरूच करू नका.

आणि पुढचा फोटो नेटवरून उतरलेला नसेल तर सेकंदभर काहीच उगवत नाही, नंतर तो टपकन पडतो. म्हणून क्लास बदलण्याआधी त्या फोटोवर डीकोड (फोटो दाखवायला तयार करणारं फंक्शन) बोलवा आणि त्याचं प्रॉमिस (काम झालं की कळवण्याची हमी) पुरं झाल्यावरच 'चालू' लावा.