तीन ओळींची नोटीस

वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामात रुजू होऊन तीन महिने झाले होते. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान चालवायचं प्लगइन. त्यावर चालणाऱ्या आमच्या एका ॲड-ऑनची, म्हणजे जोड-प्लगइनची, ॲक्टिव्हेशन नोटीस (ते सुरू केल्यावर दिसणारा निरोप) लिहायचं काम माझ्याकडे आलं. वूकॉमर्स नसेल तर ग्राहकाला तसं सांगायचं, एवढंच. अर्ध्या दिवसाचं काम, असं मी सांगूनही टाकलं.

मग मजकूर थेट ॲक्टिव्हेशन हुकमध्येच (प्लगइन सुरू होताना कोड चालवायची जागा) एको केला, म्हणजे छापला, आणि माती खाल्ली. तो हुक चालला की वर्डप्रेस लगेच रीडायरेक्ट करतं, त्यामुळे माझी नोटीस दिसलीच नाही. उलट प्लगइनने अनपेक्षित आउटपुट दिल्याची तक्रार मात्र अक्षरांच्या आकड्यासकट झळकली. 'धन्यवाद, आता सेटिंग्ज भरा' छापाचा निरोप द्यायचा असेल तर हुकमध्ये फक्त ट्रान्झियंट, म्हणजे तात्पुरती साठवलेली नोंद, ठेवा; पुढच्या पानावर ॲडमिन नोटिसेस हुकमधून निरोप दाखवा आणि ट्रान्झियंट पुसा. मुख्य प्लगइन आहे की नाही, हे मात्र ॲडमिनमध्ये दर वेळी तपासावं लागतं. ग्राहक वूकॉमर्स उद्याही बंद करू शकतो. ही तपासणी 'प्लगइन्स लोडेड' हुकवर (तो सगळी प्लगइन्स लोड झाल्यावर चालतो) किंवा त्यानंतर करा. आधी केलीत आणि तुमचं ॲड-ऑन वूकॉमर्सच्या आधी लोड झालं, तर समोर असलेलं वूकॉमर्सही सापडणार नाही.

खरा धडा कोडमध्ये नव्हता. मी लिहिलं होतं, 'आवश्यक डिपेंडन्सी अनुपलब्ध.' दोन दिवसांत एका दुकानदाराचा फोन. "अहो, वूकॉमर्स आहे की माझ्याकडे! तुमचंच काहीतरी बिघडलंय." इन्स्टॉल होतं, पण ॲक्टिव्ह नव्हतं. बिचाऱ्याने आमचं ॲड-ऑन दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं.

त्यानंतर एकाच्या जागी तीन नोटिसा झाल्या: नाहीच, आहे पण बंद, आणि आहे पण जुनं. दुसरी अशी: 'वूकॉमर्स इन्स्टॉल आहे, पण बंद आहे. ते सुरू केल्याशिवाय हे ॲड-ऑन चालणार नाही.' खाली एकच बटण, 'वूकॉमर्स सुरू करा'. प्लगइन सुरू करायचा अधिकार नसलेल्याला हे बटण दाखवू नका. दाबून 'परवानगी नाही' वाचण्यासारखा मनस्ताप नाही.

वर्डप्रेसच्या २०२४ च्या ६.५ आवृत्तीपासून प्लगइनच्या हेडरमध्ये (मुख्य फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत) 'रिक्वायर्स प्लगइन्स' लिहिता येतं. मुख्य प्लगइन सुरू नसेल तर वर्डप्रेस स्वतःच ॲड-ऑन ॲक्टिव्हेट करू देत नाही. छान सोय आहे, पण तिच्यात मुख्य प्लगइनची आवृत्ती तपासली जात नाही. म्हणून तिसरी नोटीस तुमच्याच गळ्यात.

फुलीचं बटण फसवं असतं. 'इज-डिसमिसिबल' क्लास लावला की फुली येते, पण नोटीस त्या पानापुरतीच जाते. रिफ्रेश केलं की पुन्हा हजर. फुली दाबल्याची नोंद युजर मेटामध्ये, म्हणजे त्या युजरच्या साठवलेल्या माहितीत, ठेवायची असते. मी वूकॉमर्स नसल्याच्या नोटिशीला फुली देतच नाही, मात्र ती प्लगइन्सच्या पानावर आणि आमच्या सेटिंग्जमध्येच दाखवतो. लेख लिहायला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ती कशाला?

आणि मराठी भाषांतर होणार असेल तर वाक्य तुकड्यांनी जोडू नका. मी 'ॲड-ऑनचं नाव', 'ला लागतं' आणि 'मुख्य प्लगइनचं नाव' असे तीन तुकडे इंग्रजीच्या क्रमाने चिकटवले होते. पडद्यावर आलं: 'डिलिव्हरी स्लॉट्स ला लागतं वूकॉमर्स.' टेस्टिंगवाल्या ताई आठवडाभर मला तसंच विचारत होत्या, "तुला लागतं चहा?"