उन्हात रंग बदलणाऱ्या दोऱ्याने तपासा आपला स्कार्फ

ऊन लागलं की हातांवर पुरळ उठणारे, ल्युपस या उन्हाने बळावणाऱ्या आजाराचे रुग्ण, डॉक्सिसायक्लिनसारखी त्वचा उन्हाला हळवी करणारी गोळी चालू असलेले, अशा सगळ्यांना डॉक्टर सांगतात : अंग झाकून बाहेर पडा. पण आपली ओढणी अतिनील किरण खरंच अडवते का, हे डोळ्यांना दिसत नाही. फोटोक्रोमिक दोऱ्यावर मात्र ते दिसतं. घरात पांढरा असलेला हा दोरा उन्हात जांभळा, गुलाबी होतो. अतिनील किरणांनी रंगद्रव्याच्या रेणूतलं एक कडं उघडतं आणि रंग दिसू लागतो. सावलीत ते परत मिटतं.

भरतकामाचा हा दोरा ऑनलाइन मिळतो. घेताना ‘थर्मोक्रोमिक’ नाही ना, ते बघा. तो उष्णतेने रंग बदलतो, गरम चहा ओतल्यावर चित्र दिसणाऱ्या कपासारखा. आपल्याला तो नको.

१. जाड पांढऱ्या सुती कापडाच्या दोन पट्ट्या कापा. प्रत्येकीवर भरीव टाक्याने रुपयाएवढा ठिपका भरा. टाके एकमेकांना चिकटून हवेत, मधून कापड दिसलं तर रंग फिका वाटतो. एक पट्टी कपाटात अंधारात ठेवून द्या, तिचं काम पुढे आहे.

२. भर दुपारी पट्टी उन्हात ठेवा आणि अर्ध्या ठिपक्यावर स्कार्फचा एक पदर टाका. मिनिटभराने पदर उचलून लगेच बघा, कारण रंग झपाट्याने उतरतो. झाकलेला भागही रंगला असेल तर कापडातून किरण आत येताहेत. मग दोन पदरांनी करून बघा, कापड ताणून बघा (गाडीवर नाकावरून स्कार्फ बांधतो तेव्हा तो ताणलेलाच असतो) आणि ओलं करूनही बघा. पातळ पांढरं सुती कापड ओलं झालं की आणखी किरण आत सोडतं. गडद, घट्ट विणीची डेनिम बहुधा सहज पास होते. एवढ्यावरून यूपीएफचा, म्हणजे कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचा, आकडा कळत नाही. यूपीएफ ५० म्हणजे किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत येतो, ते मोजायला प्रयोगशाळाच लागते. घरातल्या चार ओढण्यांतली चांगली कोणती, हे मात्र नक्की कळतं.

हीच पट्टी खिडकीच्या बंद काचेआड धरून बघा. साध्या काचेतून यूव्हीए प्रकारचे अतिनील किरण येतात, त्यामुळे खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनी हे जरूर करावं.

३. आता टोपीच्या कडेवर किंवा सनकोटाच्या बाहीवर, बाहेरच्या बाजूने असाच ठिपका भरा. आतून मऊ सुती अस्तर लावा. नाजूक त्वचेला दोऱ्याचा स्पर्श कशाला?

ठिपका स्वतः संरक्षण देत नाही, सनस्क्रीन चालूच ठेवायचं. तो त्या क्षणाचं ऊन दाखवतो, दिवसभरात किती लागलं ते नाही. शिवाय उष्णतेने रेणूचं कडं लवकर मिटतं, म्हणून मे महिन्यात ठिपका फिका दिसला तरी फसू नका. मोबाइलवर यूव्ही इंडेक्स (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ किंवा जास्त दिसला की झाकून घ्याच, ढग असले तरी.

धुताना कपडा उलटा करा, सौम्य साबण वापरा, ब्लीच टाळा, सावलीत वाळवा. उन्हाने हा रंग हळूहळू थकतो. अधूनमधून कपाटातली पट्टी काढून ठिपक्याशेजारी उन्हात धरा. ठिपका तिच्यापेक्षा स्पष्ट फिका दिसला की टाके उसवून नवे घाला.