मेडिक्लेमची क्वेरी आली? या चुका टाळा

क्लेम टाकला की चार दिवसांत टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा ईमेल येतो: ‘क्वेरी रेज्ड’, म्हणजे आणखी माहिती किंवा कागद हवेत. मग घरात धावपळ आणि कपाटातली आख्खी फाइल स्कॅन करून रवाना. मागितलेले असतात दोन वर्षांचे साखरेचे रिपोर्ट. त्यासोबत जातात मानसोपचाराच्या चिठ्ठ्या आणि बायकोची जुनी सोनोग्राफी. गेलेला कागद परत मागवता येत नाही. क्वेरीतल्या मुद्द्यांना त्याच क्रमाने उत्तर द्या आणि प्रत्येक मुद्द्याला लागेल तेवढाच कागद जोडा.

‘सर्व जुने वैद्यकीय रेकॉर्ड सादर करा’ अशी मोघम मागणी आली तर गप्प बसू नका, उत्तर न आल्याच्या कारणाखाली क्लेम बंद होतो. कोणत्या आजाराचे, कोणत्या काळातले कागद हवेत आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली, हे मुदतीच्या आत ईमेलनेच विचारा. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो.

मात्र खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. आधीच्या बीपीबद्दल थेट विचारलंय आणि तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, तर पुढे केसपेपरच तुमच्याविरुद्ध बोलेल. पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल तर माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी अपवाद. तेव्हा पॉलिसी कधीपासून आहे, हे उत्तरात आवर्जून लिहा.

सगळ्यात जास्त घोळ होतो डिस्चार्ज समरीत. अ‍ॅडमिशनच्या गडबडीत रेसिडेंट डॉक्टर विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ मामा ठोकून देतात, ‘असेल दहा वर्षं!’ झालं, कागदावर चढलं. पॉलिसी सहा महिन्यांपूर्वीची असेल तर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो आणि क्लेम इथेच अडकतो. सुटी मिळण्याआधी समरी वाचा. चूक सापडली तर पेनाने खाडाखोड नको. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह दुरुस्तीचं पत्र घ्या. लेखी मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं, असं २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. मुंबईतल्या बड्या हॉस्पिटलांतही त्यासाठी दोन खिडक्या फिराव्या लागतात, ते वेगळं.

कंपनीचा तपासनीस घरी आला तर चहा जरूर पाजा, पण आधी ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहा. ‘काका, फक्त दोन सह्या’ म्हणत तो कोरा संमतीपत्राचा फॉर्म पुढे करतो. हॉस्पिटलचं नाव, काळ आणि आजार भरल्याशिवाय सही करू नका. सहीनंतर फोटो काढून ठेवा. ओटीपी किंवा हॉस्पिटलच्या अ‍ॅपचा पासवर्ड कुणालाच देऊ नका. आधार मागितलं तर शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार चालतं का, ते विचारून घ्या.

ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर रिपोर्ट एचआरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची सवय मोडा. टीपीएच्या पोर्टलवर थेट अपलोड करता येतं. तुमच्या पाइल्सची खबर बीकेसीतल्या पूर्ण फ्लोअरला कशाला?

इतकं करूनही क्लेम नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बीमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. अर्ज कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून, किंवा उत्तराविना महिना उलटल्यापासून, वर्षभराच्या आत करायचा असतो. तुम्ही विचारलेल्या प्रश्नांचे ईमेल तारीखवार लावून सोबत जोडा.